वळवाआधी शेततळ्याची नाली वळवा

चैत्र लागला की शेततळ्याचं पाणी हिरवं पडतं आणि आपण म्हणतो, ऊन वाढलं म्हणून शेवाळ आलं. ऊन दरवर्षीच वाढतं. तळं मरतं ते गोठ्याच्या नालीनं आणि उसाच्या सरीतून सुटलेल्या पाण्यानं. करवीर-कागलकडं मेलेल्या मासळीची जी तळी मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांच्या काठाला अशी एक उघडी नाली होतीच. वळवाचा पहिला फटका बसायच्या आत ती दुसरीकडं काढा. बाकीचं नंतर केलं तरी चालेल.

असं का होतं ते सांगतो. शेण-मूत, युरिया, सुपर फॉस्फेट पाण्यात उतरलं की शेवाळाला खाद्याची ददात राहत नाही. मग भांडण उरतं ते फक्त उजेडाचं. दाट लागणीच्या उसात वर निघालेले फुटवे टिकतात आणि खालचे पिवळे पडून मरतात, पाण्यातही तीच गत. इथं बाजी मारतं निळं-हिरवं शेवाळ. नावाला शेवाळ, खरं तर ते जिवाणू आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात. वारा पडला, पाणी तापलं की ते वर येऊन साय धरतात आणि खालचा उजेड अडवतात. माशांच्या उपयोगाचं साधं हिरवं शेवाळ अंधारात मरतं. ते कुजून तळाचा प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो. रंकाळ्यात सांडपाणी मिसळल्यावर पाणी कसं हिरवंगार होतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मोठ्या तलावांत ही झटापट जरा सभ्यपणे चालते. ज्याचं रंगद्रव्य वेगळं, तो उजेडातला वेगळा रंग घेतो. २००४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी तांबडे आणि हिरवे असे दोन निळे-हिरवे जिवाणू एकत्र वाढवले. पांढऱ्या उजेडात दोघं टिकले, हिरव्या उजेडात तांबडा जिंकला आणि तांबड्यात हिरवा. खोल तलावात अगदी खाली, प्राणवायू संपतो तिथं, जांभळे गंधक जिवाणू त्या सडक्या वायूवर आणि वरून झिरपलेल्या उरल्यासुरल्या उजेडावर जगतात.

दुकानात मिळणारी लाल बाटली याच जांभळ्यांच्या भाऊबंदांची. ‘फोटोसिंथेटिक बॅक्टेरिया, आठ दिवसांत तळं साफ’ असं सांगून ती गळ्यात मारतात. जिवाणू खोटे नाहीत, पण तुमच्या तळ्यात त्यांना जागाच नाही. वरच्या थरात प्राणवायू असतो, तिथं ते उजेड पकडायचं रंगद्रव्यच नीट बनवत नाहीत. खाली प्राणवायू नसतो, पण सायीतून उजेड पोचत नाही. शिवाय त्यांना आवडणारा, डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड पाणी स्वतःच पहिल्या मीटरभरात पिऊन टाकतं. नाली चालू ठेवून बाटली ओतली तर पैसे दुकानदाराचे आणि साय तुमची.

शेवाळ मारायला टाकतात त्या मोरचुदाचंही तेच. मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) ठरते. क्षारता लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर हजार लिटरला जास्तीत जास्त १ ग्रॅम, आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर हातच लावू नका. पण साय एकदम मेली की तिच्यातलं विष पाण्यात सुटतं आणि कुजण्यात उरलासुरला प्राणवायू जातो. मासे असलेल्या, जनावरं पिणाऱ्या तळ्यात मी तरी मोरचूद टाकू देत नाही.

खरा धोका वळवाचा आहे. गार पावसानं वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि तळाचं नासकं पाणी वर येतं. त्यात आभाळ भरलेलं, म्हणजे दिवसाही प्राणवायू कमी. वर बांधणीला टाकलेलं खत पहिल्या लोंढ्यात वाहून, पुन्हा त्याच नालीनं, तळ्यात. मासे मरतात ते बहुतेक पहाटे. उजाडायच्या आत बगळे काठावर गर्दी करून बसले तर त्या दिवशी मासे वर तोंड काढणार, हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे.

ओळख सोपी आहे. काठीनं उचलून बघा. दोऱ्यासारखं लटकलं तर साधं शेवाळ, रंगासारखं काठीला माखलं तर संशय धरा. बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवा. हिरवा थर वर आला तर निळं-हिरवं समजा. त्या तळ्यावर म्हसरं, कुत्री सोडू नका, या विषानं यकृत जातं. पिऊन जनावर लडखडलं तर थेट पशुवैद्यकाकडं.

नेहमीची कामं:
- पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा. २० सेंटीमीटरच्या आत दिसेनाशी झाली तर माशांचं खाद्य आणि शेणखत बंद.
- चुना गुंठ्याला २ ते २.५ किलो, सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर नाही.
- साय वाऱ्यानं एका काठाला जमली की सकाळी जाळीनं काढा, तळ्यापासून लांब पुरा.
- मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर.
- ठिबकचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) सायीखाली, पण तळापासून वर टांगा. वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवा.
- पहाटे पंपानं पाणी उडवून परत तळ्यात सोडा.

नालीसाठी तळ्याच्या वरच्या अंगाला फूटभर खोल चर मारून मातीचा बांध तळ्याकडं टाका. गोठ्याचं पाणी चरातून गजराज गवताच्या वाफ्यात काढा. सरीचं जादा पाणी सोडायचंच असेल तर खत दिल्यावर आठ दिवस तरी नको.