उसने देणारा माणूस गेला; पैसे परत करताना या चुका टाळा

गावच्या घराचे पत्रे बदलताना वडिलांच्या मित्राने, आमच्या काकांनी, मला 80 हजार रुपये हातउसने दिले होते. काका अचानक गेले. दहाव्याला घाटावरून परतताना मी पैशांचं पाकीट त्यांच्या थोरल्या मुलाच्या हातात ठेवलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं असं वाटलं. सहा महिन्यांनी काकांच्या लेकीचा फोन आला, "दादा, बाबांच्या डायरीत तुझं नाव आहे. रक्कम खोडलेली नाही." थोरल्याने घरात काही सांगितलंच नव्हतं आणि माझ्याकडे दाखवायला साधी चिठ्ठीही नव्हती.

एकाच वारसाला पैसे देऊन मोकळं होणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पैसे काकांचे होते, ते आता सगळ्या वारसांचे झाले. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाची बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. लग्न झालेल्या मुलीला आणि म्हाताऱ्या आईला लोक हमखास विसरतात. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी धर्मांत नियम वेगळे आहेत. म्हणून आधी मृत्युपत्र आहे का विचारा. नसेल तर पैसे कोणी घ्यायचे, याचं सगळ्यांच्या सहीचं संमतीपत्र मागा. यात संकोच करू नका.

रक्कम मोठी असेल किंवा भावंडांत धुसफूस असेल, तर वारसांना कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे गेलेल्या माणसाचे पैसे कोणी घ्यायचे हे सांगणारा दाखला, आणायला सांगा. त्यात येणी, म्हणजे त्या माणसाला इतरांकडून यायचे पैसे, नोंदवलेली असतात. ते दाखवणाऱ्याला सद्भावनेने पैसे दिलेत, तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 381 नुसार तुम्ही सुरक्षित राहता. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी असते, इथे ती पुरत नाही. बँकेतला नॉमिनीही फक्त त्या खात्यापुरता.

गेलेल्या माणसाच्या नंबरवर यूपीआय करू नका. पैसे त्या खात्यात अडकतात, आणि खातं जॉइंट असेल तर ते दुसऱ्या खातेदाराच्या हातात जातात.

मी केलेली आणखी एक चूक रोखीची. 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्जाची परतफेड रोखीने करणं आयकर कायद्यात बसत नाही, परतफेडीच्या रकमेइतका दंड होऊ शकतो. अकाउंट पेयी (थेट खात्यातच जमा होणारा) चेक द्या किंवा बँकेतून ट्रान्सफर करा.

पावती घ्याच. 5,000 च्या वर रक्कम असेल तर 1 रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. "अमुक तारखेच्या उसन्यापोटी पूर्ण रक्कम मिळाली" असं स्पष्ट लिहून घ्या. तारण म्हणून कोरा चेक किंवा प्रॉमिसरी नोट (पैसे परत देईन असं लेखी वचन) दिली असेल तर ती त्याच बैठकीत परत मागा. आमच्याकडे अखेर काकू, थोरला आणि काकांची लेक एकत्र बसले. थोरल्याने पैसे घेतल्याचं मान्य केलं, काकूंनी डायरीतली ती ओळ स्वतः खोडली आणि खाली तिघांनी सह्या केल्या.

राहिला मुदतीचा प्रश्न. साध्या उसन्यासाठी दावा लावायची मुदत पैसे उसने दिल्यापासून 3 वर्षं. ती उलटली म्हणून देणं मिटत नाही, फक्त दावा लावता येत नाही. एकदम जमत नसेल तर वारसांसोबत हप्ते ठरवा आणि प्रत्येक हप्त्याची नोंद ठेवा.