हबलच्या एफजीएसने ताऱ्याचं अंतर कसं काढायचं

हबल म्हटलं की फोटो आठवतात, पण त्या अवकाश दुर्बिणीत फाइन गायडन्स सेन्सर (एफजीएस) नावाचे तीन इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून मोजणारी उपकरणं) पण आहेत, दोन दुर्बीण रोखून धरतात आणि तिसरा मोजणीला मोकळा. त्याचा जुना डेटा मास्ट अर्काइव्हमध्ये (अवकाश दुर्बिणींच्या डेटाचं ऑनलाइन भांडार) सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणून लिहितोय.

आधी आत काय होतं ते बघा. ताऱ्याचा प्रकाश प्रिझममध्ये दुभंगतो, दोन भाग एकमेकांत मिसळून दोन बाजूंनी बाहेर पडतात. नेम अचूक असेल तर दोन्हीकडे उजेड सारखा, जरा कलला की एकीकडे वाढतो दुसरीकडे घटतो. त्या फरकाचा ग्राफ एस अक्षरासारखा येतो, तो मधे शून्यातून जातो तिथे तारा.

आता खरं काम. एकटा तारा मोजून काहीच हाती लागत नाही, तुलनेसाठी त्याच्या शेजारचे चारपाच मंद तारे पण मोजायचे, आणि एक प्रदक्षिणा 95 मिनिटांची, त्यातला जेमतेम अर्धा वेळ तारा दिसतो, तेवढ्यात सगळे उरकायचे. सेन्सर हळूहळू सरकत असतो म्हणून एकदोन तारे मधेमधे परत मोजायचेच, हे टाळू नका. दुर्बिणीच्या आणि सेन्सरच्या आरशांमुळे येणारा वाकडेपणा मिथुन राशीतल्या एम 35 या तारकागुच्छावरून आधीच काढलेला आहे, तो वजा करा.

हेच साधारण सहासहा महिन्यांनी, दोनेक वर्षं. नाहीतर ताऱ्याची स्वतःची चाल कुठली आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे दिसणारं हलणं (पॅरॅलॅक्स) कुठलं ते वेगळं करता येत नाही.

वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा सेफी ताऱ्याचं पॅरॅलॅक्स खगोलशास्त्रज्ञ बेनेडिक्ट यांच्या टीमने 2002 मध्ये असंच काढलं, 3.66 मिलीआर्कसेकंद (एक अंशाचे 3600 आर्कसेकंद, त्यातल्या एकाचा हजारावा भाग). 1000 ला 3.66 ने भागा, 273 पार्सेक (एक पार्सेक साधारण 3.26 प्रकाशवर्षं), म्हणजे साधारण 890 प्रकाशवर्षं. मला हे अजूनही थक्क करतं.

पण शेजारी तारे पण हलतातच ना! त्यांचं अंतर पूर्वी रंग आणि स्पेक्ट्रमवरून अंदाजाने धरायचे. ध्रुवाच्या जोडीदाराचं एफजीएसचं पॅरॅलॅक्स 2018 मध्ये 6.26 आलं आणि ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाने त्याच वर्षी 7.29 दिलं, म्हणजे एकाच ताऱ्याला 520 आणि 447 प्रकाशवर्षं. म्हणून आता शेजाऱ्यांची अंतरं गायाच्या कॅटलॉगमधून घ्या, आणि मग एकेक शेजारी वगळून गणित परत करा, कुणा एकाला काढल्यावर उत्तर उडी मारत असेल तर आधी त्या ताऱ्याला तपासा, तो बऱ्याचदा जोडतारा निघतो.