जुनी मॅसी ३५ आणि १०३५: हायड्रोलिक आणि पीटीओचं काम, पंप बदलायच्या आधी

जुन्या मॅसीचं हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचं अवजार उचलणारी लिफ्ट, उचलेना झालं की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो, पंप गेला, नवीन टाक. आणि बरेच जण टाकतातही, हजारो रुपये जातात आणि नांगर तरी पुन्हा अर्ध्यावरच लटकतो, कारण गळती पंपात नव्हतीच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, खास करून मॅसी फर्ग्युसन ३५ आणि टॅफेची १०३५ वापरणाऱ्यांसाठी. टॅफे १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली आणि तिचे जुने ट्रॅक्टर आपल्याकडे अजून पेरणीला, ट्रॉलीला, मळणीला चालतायत. थोडं समजून घेतलं तर यातलं अर्धं काम घरच्या अंगणात होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप बाहेर इंजिनला लावलेला नाही, तो मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला आहे, चार पिस्टनचा, आणि तो पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, लाइनवरच फिरतो. म्हणजे पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर पंप बंद, लिफ्ट बंद. नवीन ड्रायव्हर आला की "हायड्रोलिक गेलं" ही तक्रार कितीतरी वेळा फक्त एवढ्यावरून येते. लिव्हरला तीन जागा आहेत, इंजिन पीटीओ, न्यूट्रल आणि ग्राउंड पीटीओ, आणि ग्राउंडला टाकला असेल तर ट्रॅक्टर चालतो तेव्हाच पंप फिरतो, उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी काही उचलणार नाही. तसंच डबल क्लच असलेल्या गाडीत पेडल अर्धं दाबलं की गिअर सुटतो, पूर्ण दाबलं की पीटीओही सुटतो आणि त्याच्यासोबत पंपही थांबतो, त्यामुळे शेताच्या टोकाला वळताना पेडल तळापर्यंत दाबून ठेवलं तर नांगर वर येणारच नाही, यात बिघाड काही नाही.

दुसरी गोष्ट हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीची, म्हणजे ही लिफ्ट ज्याने काढली त्याच्या. यात कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या तेल ओढायच्या बाजूला आहे, लिव्हर वर केला की तेल आत येतं, हवी ती उंची आली की व्हॉल्व्ह बंद होतो आणि पंप फिरत राहिला तरी तेल ढकलत नाही. त्यामुळे कुठे गळती असली की अवजार हळूच खाली येतं, व्हॉल्व्ह उघडतो, परत वर जातं, परत खाली. लिफ्ट अशी नाचायला लागली तर पंप बहुतेक ठीक आहे आणि तेल दुसरीकडून निसटतंय असं समजायचं.

आता तेल बघा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रोलिक सगळ्यांना एकच तेल, साधारण ३० लिटर बसतं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, लिफ्ट पूर्ण खाली करून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीत गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून हमखास जातं. ते रबर आधी बदला, नाहीतर नवीन तेलही पुढच्या पावसात पांढरं. असं तेल गाडी फिरवून गरम असताना सोडायचं, खाली एकापेक्षा जास्त ड्रेन प्लग असतात ते सगळे काढायचे आणि रात्रभर निथळू द्यायचं. धुवायला थोडं डिझेल वरून ओतून खालून सोडायला हरकत नाही, पण डिझेल भरून इंजिन चालू करायचं नाही, ते वंगण देत नाही आणि पंपाचे पिस्टन कोरडे घासतात. आणि हात जोडून सांगतो, इंजिनचं जळकं तेल गाळून मागे भरू नका. त्यातली काजळी आणि कीस पंपाच्या छोट्या व्हॉल्व्हखाली जाऊन अडकतो आणि मग लिफ्ट झटके देत वर जाते. ग्रेड तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या.

तेल ठीक आहे, लिव्हर ठीक आहे, तरी तक्रार आहे, तर साधी टेस्ट करा. मागे जड अवजार लावा, पूर्ण वर उचला, लिव्हर वरच ठेवून इंजिन बंद करा. अवजार लगेच धपकन खाली आलं तर उचललेलं तेल कुठूनतरी मोठ्या वाटेने पळतंय. बराच वेळ टिकतं पण इंजिन चालू असताना उचलायलाच जोर नाही, तर मग पंप, त्याचे व्हॉल्व्ह किंवा रिलीफ व्हॉल्व्हवर (दाब जास्त झाला की तेल सोडणारा) संशय घ्या. थंड असताना उचलतं आणि तासाभराने गरम झालं की मान टाकतं, तर आतली झीज आहे, तेल पातळ झालं की फटीतून निसटतं.

यापुढे कुठलंही झाकण उघडायच्या आधी अवजार सोडून लिफ्ट खाली करा. वर ठेवायचीच असेल तर आर्मखाली लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड हवाच, हायड्रोलिकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही. आणि दाबाखालचं तेल बारीक धारेने उडत असेल तर त्यावर बोट ठेवून बघायचं नाही, ते कातडी फोडून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा.

मग उजव्या बाजूचं झाकण. तेल त्याच्या खालच्या काठाच्या थोडं खाली येईल इतकं स्वच्छ डब्यात काढून घ्या आणि झाकण उघडा. आधी इंजिन बंद असतानाच कंट्रोल व्हॉल्व्हची कांडी हलक्या हाताने पुढे-मागे करून बघा, बरेच महिने उभ्या गाडीत ती गंजून अडकते आणि मग लिफ्ट वर तरी जात नाही किंवा खाली तरी येत नाही. पातळ तेल सोडून सावकाश मोकळी करा, हातोडी नको. मोकळी असेल तर इंजिन स्लो चालू करून, पीटीओ लावून, मागे वजन ठेवून लिफ्ट वर घ्यायची आणि टॉर्चने आत बघायचं. हात आत घालायचा नाही, कपडा, उपरणं जवळ न्यायचं नाही. तेल कुठून येतंय ते डोळ्यांना दिसतं. वरून लिफ्टच्या सिलिंडरच्या तोंडातून धार येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा ओ-रिंग (तेल अडवणारी गोल रबरी कडी) गेलीय. पंपातून वर सिलिंडरकडे जाणाऱ्या उभ्या पाइपाच्या बुडाशी किंवा डोक्याशी फवारा असेल तर तिथली ओ-रिंग, ही चहाच्या किमतीची वस्तू आहे आणि हिच्यापायीच बहुतेक पंप विनाकारण बदलले जातात. रिलीफ व्हॉल्व्ह हलक्या वजनालाच सुटत असेल तर तोही इथेच दिसतो.

वरचं लिफ्ट कव्हर काढायला चेनपुली लागतेच, दोन माणसांनी ओढून काढायची वस्तू नाही ती. सीट, लिफ्टच्या कांड्या सोडा, बोल्ट काढा, सरळ वर उचला. कव्हर उघडलंच आहे तर पिस्टनचं सील, उभ्या पाइपाच्या ओ-रिंग, गॅस्केट सगळं एकदम बदला. सिलिंडरमध्ये नखाला लागेल अशी उभी रेघ असेल तर नुसती रिंग टाकून उपयोग नाही, सिलिंडर बदला. पंप काढायचा असेल तर पीटीओ शाफ्ट मागून ओढून घ्यावा लागतो आणि पंपाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पिना सोडाव्या लागतात, मग तो वर येतो. कव्हर परत बसवताना घाई करू नका, एक जण बाजूच्या झाकणातून बघत राहू दे, लिव्हरांची टोकं पंपाच्या व्हॉल्व्हशी जागेवर बसली पाहिजेत आणि पाइप सरळ भोकात गेला पाहिजे, नाहीतर नवी ओ-रिंग तिथेच कापली जाते.

पीटीओचं बघू. मागून तेल ठिबकतंय तर ऑइल सील. तेल सोडा, मागच्या कॅपचे चार बोल्ट काढा, शाफ्ट मागे येतो. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टवर खाच पडलीय का बोट फिरवून बघा, असेल तर नुसतं नवीन सील महिनाभरही टिकत नाही, लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, चढवून घ्या. बेअरिंग हलतंय तर तेही बदला, कारण शाफ्ट डुलला की सील पुन्हा फाटणार. लिव्हर लावताना करकर आवाज येतो किंवा पेडल पूर्ण दाबूनही शाफ्ट फिरतच राहतो, तर क्लचची सेटिंग बिघडलीय. क्लच हाउसिंगच्या छोट्या खिडकीतून पीटीओ क्लचचे तीन स्क्रू दिसतात, तिन्हींची फट सारखी हवी, साधारण २ मिलिमीटर, एक कमी एक जास्त असेल तर प्लेट वाकडी दबते.

पीटीओपासून अवजारापर्यंत जाणारा जॉइंट शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. चौकोनी नळी काढून एक घर फिरवून बसवली की सगळा ताल बिघडतो, रोटाव्हेटर थरथरतो आणि तो धक्का थेट ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला बसतो. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर पाहिजेच. मिनिटाला ५४० फेरे फिरणाऱ्या त्या दांड्यात धोतराचं, ओढणीचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

सगळं बसवून तेल भरल्यावर पहिल्यांदा इंजिन स्लोवर ठेवा, पीटीओ लावा, रिकामी लिफ्ट वर-खाली करत राहा म्हणजे हवा निघून जाईल, परत डिपस्टिक बघा कारण लेव्हल खाली गेलेली असते. मग टॉपलिंकमागची (अवजाराला वरून धरणारा दांडा) मोठी कंट्रोल स्प्रिंग बघा, तिला पुढे-मागे ढिलाई अजिबात नको पण बोटांनी जेमतेम फिरली पाहिजे, ढिली असली तर नांगर शेतात एकदा खोल एकदा वर असा चालतो आणि लोक परत हायड्रोलिकलाच दोष देतात. शेवटी अवजार लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि थोड्या वेळाने येऊन बघा तिथेच आहे का.