खूप वर्षांनी पुन्हा लांबच्या राइडला निघताय? या चुका टाळा

दहा-बारा वर्षं नोकरी आणि मुलांच्या शाळांमध्ये निघून जातात. मग एक दिवस बाइकवरचं कव्हर निघतं, नवी बॅटरी बसते आणि पुढच्याच आठवड्यात सहाशे किलोमीटरचा बेत ठरतो. असा बेत कानावर आला की मी आधी एकच विचारतो: टायर कोणत्या सालचे आहेत?

उत्तर ठरलेलं. "अरे, नक्षी अजून नव्यासारखी आहे!" असेलच. नक्षी झिजते ती गाडी चालवून. रबर मात्र उभ्या उभ्याही म्हातारं होतं, कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: २३१८ असेल तर २०१८ सालातला २३वा आठवडा. एका बाजूला आकडे दिसले नाहीत तर दुसरी बाजू बघा.

माझा एक जवळचा मित्र असाच परतला होता. टायर नऊ वर्षांचे, नक्षी सुरेख. मी त्याच्या मागेच होतो. पाऊस नुकताच थांबला होता, घाटातलं साधं डावं वळण, वेग फार तर चाळीस. त्याने ब्रेकही दाबला नव्हता. पुढचं चाक बाहेरच्या बाजूला सरकलं आणि गाडी आडवी झाली. खांद्याचं हाड मोडलं. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्याला गाडीत बसवून पाठवल्यावर मी तो टायर नीट पाहिला. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. नख रोवायला गेलो तर रुतेना, प्लास्टिकची बादली दाबावी तसं लागलं.

तेव्हापासून पाच वर्षांपुढचा टायर मी दर वर्षी भेगांसाठी तपासतो आणि सातव्या वर्षी बदलतोच, नक्षी कितीही शिल्लक असो. हा माझा नियम, कंपनीचा नाही. सामानाच्या पेट्यांवर आणि कॅमेऱ्यावर हात सैल सोडणारी माणसं टायरपाशी हिशेब करायला लागतात, तेव्हा मला मनापासून राग येतो. नवे टायर घातलेत तर पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं.

दुसरी चूक हाताची. "सायकल आणि बाइक कोणी विसरतं का?" तोल विसरत नाही, हे खरं. ब्रेकवरचं बोट विसरतं. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. निर्णयाला अर्धा सेकंद जास्त लागला तर अकरा मीटर हातचे गेले. त्यात दचकल्यावर बरेच जण नुसता मागचा ब्रेक दाबतात, थांबण्याची खरी ताकद पुढच्यात असताना. मी दोन रविवार मोकळ्या मैदानात घालवतो. चाळीसच्या वेगातून थांबायचं. पुढचा ब्रेक झटक्याने न ओढता पिळत जायचा, मागचा सोबतीला. वीस-पंचवीस वेळा. मग इंग्रजी आठच्या आकड्यात वळणं, नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचंय तिथे. हे कंटाळवाणं म्हणून टाळणारे लोक पहिल्याच दिवशी जुन्या ग्रुपसोबत निघतात आणि रोज चालवणाऱ्यांच्या वेगाला वेग लावतात. पहिली राइड एकट्याने करा, नाहीतर तुमच्यापेक्षा सावकाश चालवणाऱ्यासोबत.

बाकीचं थोडक्यात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्या ओलाव्यामुळे लांब उतारावर ते तापून उकळलं तर लिव्हर सरळ हँडलला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला, बाटलीतलं जुनं उरलेलं वापरू नका. टाकीतलं वर्षानुवर्षांचं पेट्रोल पूर्ण काढा. त्यात नवं मिसळून चालवलं की कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, चिकटून बंद होतात आणि गाडी नेमकी चढावर आचके देते. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, मला आत उंदराचं घरटं सापडलंय. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा. टायरमधली हवा सामानाचं वजन धरून, टायर थंड असताना भरा. जड सामान खाली आणि सीटजवळ. हेल्मेट जुन्या दिवसांतलंच असेल तर नवं घ्या.

आणि पहिल्या दिवशी दीडशे किलोमीटर, अंधारापूर्वी परत. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आणि डावं मनगट कसं आहे ते बघा. मनगट ठणकत असेल तर क्लच जड झाला असेल, त्याची केबल आधी तपासा, मोठ्या राइडची तारीख नंतर ठरवा.