डोंगराळ नदीखोऱ्यात धावण्याचा मार्ग कसा आखावा

नदीच्या खोऱ्यात देखण्या जागा शोधाव्या लागत नाहीत, त्या पावलोपावली असतात. अडचण वेगळी असते. दरी पूर्ण उघडते नेमक्या त्याच ठिकाणी पायाखाली घसारा असतो, आणि नजर दगडांवरून उचलता येत नाही. चालणारा थांबून बघतो. धावणाऱ्याला निम्मा नजारा धावतानाच मिळायला हवा, नाहीतर एवढ्या लांब येऊन त्याने फक्त स्वतःचे बूट पाहिलेले असतात. म्हणून मार्ग आखताना दृश्य कुठे आहे एवढंच पाहून भागत नाही. तिथे पोहोचाल तेव्हा मान वर करता येईल का, हेही आधीच ठरवावं लागतं. आणि ते घरी बसून, नकाशावर बऱ्यापैकी ठरवता येतं.

आधी पूल शोधा

बहुतेक जण नकाशा उघडला की शिखरं आणि माथे शोधतात. खोऱ्यात सुरुवात पुलांपासून करावी. नदी हवी तिथे ओलांडता येत नाही, त्यामुळे दोन पुलांमधलं अंतरच तुमच्या फेरीची लांबी ठरवतं. पूल तीन किलोमीटरवर असतील तर एका काठाने जाऊन दुसऱ्याने परतणारी सात-आठ किलोमीटरची सुटसुटीत फेरी निघते. पुढचा पूल बारा किलोमीटरवर असेल, तर एकाच काठावर राहून वरच्या वाटेने जायचं आणि खालच्या वाटेने यायचं, हे बरं. साकव, बंधाऱ्यावरची वाट, पायी जायचा झुलता पूल हे सगळं या हिशेबात धरा, पण ते आज जागेवर आहेत याची खात्री केल्यावरच.

नदीला पायी ओलांडता येईल असा उतार आहे असं कुणी सांगितलं तरी त्यावर फेरी बेतू नका. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, पण पाणी वरच्या पाणलोटातून येत असतं. वर धरण असेल तर विसर्ग सुरू झाल्यावर पातळी फार लवकर चढते. जोरात वाहणारं अवघं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं.

खोऱ्याचे तीन मजले

आता समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा घ्या. १:२५,००० प्रमाणाचा मिळाला तर उत्तम, १:५०,००० चाही चालतो. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की सौम्य, एवढं ठाऊक असतंच. पण अंदाज आकड्यात काढायची सवय लावा. दोन रेषांमध्ये उंचीचं २० मीटर अंतर असलेल्या नकाशावर तुमची वाट अर्ध्या किलोमीटरमध्ये पाच अंतरं चढत असेल, तर १०० मीटरची चढाई झाली, म्हणजे २० टक्के चढ. तो धावत चढणारे थोडेच.

काठ हा पहिला मजला. तो सपाट दिसतो, पण पूर्ण सपाट कधीच नसतो, कारण नदीला मिळणारा प्रत्येक ओढा काठ कापून जातो आणि वाट तिथे खाली उतरून पुन्हा वर येते. दहा ओढे म्हणजे दहा छोटे चढ. नदीच्या वळणांकडेही लक्ष द्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ पोखरत असतो, तिथे वाट अरुंद होते, ढासळते किंवा मुकाट्याने वर डोंगरात शिरते. आतल्या बाजूला गाळ साचून रुंद, सौम्य पट्टा तयार झालेला असतो. धावायला ती जागा सुखाची, मात्र पूर ओसरल्यावर बरेच दिवस तिथे चिखल राहतो.

दुसरा मजला म्हणजे मधला उतार. लोक याच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं धावणं इथेच असतं. समोच्च रेषेच्या कलाने जाणारे कालवे, त्यांच्या कडेच्या देखभालीच्या वाटा, बंद पडलेले लोहमार्ग हे सारं याच उंचीवर सापडतं. साध्या रेल्वेगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे जुन्या लोहमार्गाचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आतच राहतो. मार्ग नदीच्या वर, खाली पाणी दिसतं, पायाखाली भरवसा असतो. मान वर करून धावायला याहून बरी जागा नाही.

तिसरा मजला म्हणजे धार आणि माथा. दोन्हीकडे खोरं दिसतं, वाराही दोन्हीकडून लागतो. धारेवर खाली-वर होत जाणारी वाट किती दमवते हे नकाशावर नीट कळत नाही, कारण २० मीटरच्या रेषांमध्ये पंधरा मीटरचे चढउतार लपून जातात.

हे तीन मजले जोडणाऱ्या वाटा दोन प्रकारच्या असतात. एक सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या फाट्यावरून चढते, दुसरी घळीतून. शक्य तिथे सोंड धरा. ती कोरडी आणि मोकळी असते, वर चढताना दोन्ही अंगांनी दरी दिसत राहते. घळीत सावली असते हे खरं, पण शेवाळ, सुटे दगड आणि पाऊस आल्यास पाणीही तिथेच.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या उजव्या अंगाने बॉनपासून वीसबाडेनपर्यंत जाणारी ऱ्हाइनस्टाइग ही सुमारे ३२० किलोमीटरची पायवाट या रचनेचा चांगला नमुना आहे. ती कड्यांवर चढते, नदीकाठच्या गावात उतरते, पुन्हा चढते. नदीच्या अरुंद भागात दोन्ही काठांनी रेल्वे धावते. त्यामुळे एका गावातून वर चढायचं, उंचावरून धावत पुढच्या गावात उतरायचं आणि गाडीने परतायचं, असे तुकडे सहज पाडता येतात. तुमच्या खोऱ्यात अशी वाहनाची सोय असेल तर फेरी पूर्ण करायचा हट्ट सोडा.

दिशा ठरवा

एकच फेरी एका दिशेने सुंदर आणि उलट दिशेने त्रासाची असू शकते. नियम सोपा आहे: अरुंद, तीव्र, दगडाळ वाटेने चढा आणि रुंद, सौम्य वाटेने उतरा. तीव्र चढावर तुम्ही चालणारच असता, मग वेग कमी असताना मागे वळून बघता येतं. उतरताना सगळी दरी समोर असते, पण ती दिसायला गाडीवाटेसारखा भरवशाचा रस्ता लागतो. त्याच उतारावर खडकाळ पायवाट घेतलीत तर दिवसाचा सर्वोत्तम देखावा बुटांकडे बघण्यात जातो.

शरीराचा हिशेबही याच बाजूने आहे. शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार २० टक्के चढावर धावायला सपाटीच्या जवळपास अडीच पट ऊर्जा लागते. २० टक्के उतारावर ती सपाटीच्या निम्म्यावर येते, आणि उतार त्याहून तीव्र झाला की पुन्हा वाढू लागते. पण ऊर्जा वाचली म्हणजे पाय वाचले असं नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना आकुंचन पावतात, वेगाला लगाम घालतात, आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना त्याची आठवण करून देतात. एकदा असा ताण पडला की स्नायू पुढचे काही आठवडे तो बरा सोसतात. म्हणून मोठ्या फेरीच्या दोन आठवडे आधी एखादा छोटा उतार धावून घ्या.

ऊन, धुकं, वारा

रात्री थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे स्थिर, निरभ्र हवेत पहाटे काठावर माथ्यापेक्षा जास्त गारठा असू शकतो, आणि धुकंही तळाशीच असतं. अशा दिवशी काठापासून सुरुवात केलीत तर पहिला तास काहीच दिसत नाही. आधी वर चढा, धुक्याचा थर वरून बघा, आणि ते विरल्यावर काठाने परता. दिवस तापला की वारा उलटतो, खालून वर, खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे वाहू लागतो. दुपारी धावणार असाल तर काठाचा लांब सरळ टप्पा वरच्या दिशेने ठेवा.

दरी दक्षिणोत्तर असेल तर सकाळचं ऊन आधी पश्चिमेकडच्या उतारावर पडतं, संध्याकाळचं पूर्वेकडच्या. थंडीत उन्हाच्या बाजूने जा, उन्हाळ्यात सावलीच्या. पूर्व-पश्चिम दरीत, उत्तर गोलार्धात, उत्तरेकडे तोंड असलेला उतार ओलसर राहतो. तिथली वाट पावसानंतर कितीतरी उशिरा वाळते.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी एक आडाखा मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. त्यातून धावणाऱ्यांना उपयोगी पडेल असं प्रमाण निघतं. एक मीटर चढाई म्हणजे सपाटीवरचे साधारण आठ मीटर. १४ किलोमीटरच्या फेरीत ४५० मीटर चढाई असेल तर तिला १७.६ किलोमीटर धरा. किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागत असतील, तर एक तास चोपन्न मिनिटं. वाट खडकाळ असेल तर वर आणखी वीस टक्के ठेवा. उतारावर वेळ भरून निघेल या भ्रमात राहू नका.

अरुंद दरीत घड्याळाचा उपग्रहाशी संपर्क अडखळतो, कड्यांवरून आदळून येणारे संकेत अंतर फुगवतात. घड्याळाने सांगितलेला वेग तिथे मनावर घेऊ नये.

पहिल्यांदा चालत जा

नकाशावरची वाट प्रत्यक्षात झुडपांत हरवलेली असू शकते, आणि उपग्रहचित्रात झाडांखालचं दिसत नाही. संपूर्ण फेरी चालणं जमत नसेल तर निदान काठावरून वर जाणारे जोडरस्ते तरी बघून या. चालताना तीन गोष्टी टिपा: पाणी कुठे मिळतं, फोनला संपर्क कुठे असतो, आणि मध्येच सोडून रस्त्यावर उतरायचं झालं तर कुठून. संपर्क बहुधा तळाशी तुटतो आणि धारेवर परत येतो, त्यामुळे कुणी जखमी झालं तर मदत मागायला वर जावं लागेल हे आधी ठाऊक असलेलं बरं. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल, हे घरी सांगून निघा.

मेघगर्जना ऐकू आली की धार लगेच सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. हा नियम अनेकांना अतिरेकी वाटतो. मला वाटत नाही.

प्रत्यक्ष धावताना

चढ तीव्र झाला की हात मांड्यांवर ठेवून चाला, त्यात काही कमीपणा नाही. उतारावर पावलं छोटी आणि जलद ठेवा, नजर तीन-चार पावलं पुढे. जिथे दरी उघडते त्या जागा आधीच नकाशावर खुणावून ठेवा आणि तिथे सरळ थांबा. घड्याळ थांबवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

मार्ग एकदा बसला की पुढच्या ऋतूत तो उलट दिशेने तपासून बघा. पानगळ झाली की भर झाडीतल्या मधल्या मजल्यावरूनही नदी दिसू लागते, आणि तेव्हा माथ्यापर्यंतची चढाई वगळली तरी चालते. पावसाळ्यानंतर मात्र काठाचा टप्पा पुन्हा एकदा चालतच बघा. वळणांच्या बाहेरच्या बाजूची वाट दरवर्षी थोडी थोडी नदीत जाते.