खाल्लेल्या पानांची बाग

घराभोवतीच्या बागेचा आराखडा करताना बहुतेकांच्या मनात आधी फुले येतात. पान कोणी खाईल का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक फुलातील मधासाठी फुलपाखरू घटकाभर थांबते आणि निघून जाते. त्याची पुढची पिढी मात्र अळीला खाता येईल अशा पानावरच वाढते आणि बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांची झाडे ठरलेली असतात. म्हणून पक्षी, फुलपाखरे आणि बेडूक यांनी जेथे मुक्काम करावा असे वाटते, त्या बागेची आखणी पानांपासून सुरू करावी. पुढील मांडणी पुणे-सातारा भागातील पठारी हवा आणि साधारण दहा बाय वीस फुटांचे परस समोर ठेवून केली आहे. गच्चीवर कुंड्या असतील तरी यातील बरेचसे लागू पडते.

पहिली दोन झाडे कढीपत्ता आणि लिंबू ही असावीत. दोन्ही एकाच कुळातील असून काळ्या-पिवळ्या नक्षीचे लिंबावरचे फुलपाखरू, तसेच महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉरमॉन, या कुळातील झाडांवर अंडी घालते. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताच हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. नवख्या बागकाम करणाऱ्याचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो तो नेमका याच वेळी. झाड जोमदार असेल तर पाने खाल्ल्यानंतर त्याला पुन्हा पालवी फुटते. फारच जीव तुटत असेल तर दोन रोपे लावावीत, एक घरासाठी आणि एक अळ्यांसाठी, अर्थात ही वाटणी अळ्या पाळतीलच असे नाही. ज्यांच्याकडे केवळ गॅलरी आहे त्यांनी पानफुटीची एक कुंडी ठेवावी. रेड पिएरो या लहानशा फुलपाखराची अळी पानफुटीच्या पानात शिरून दोन पापुद्र्यांमधला गर खात वाढते.

यापुढची यादी करताना गणेशपूजेची पत्री आठवावी. रुई, कण्हेर, बोर, शमी, आघाडा, माका ही नावे आपण वर्षातून एकदा उच्चारतो आणि बाजारातून जुडी आणून मोकळे होतो. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो आणि बोरीवर कॉमन पिएरो या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. मात्र रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक आहे आणि कण्हेर सर्वांगी विषारी आहे, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर ही दोन झाडे टाळलेली बरी. फुलांसाठी अबोली, कोरांटी, अडुळसा आणि तुळस पुरेशी आहेत. परदेशी फुलझाडांना सरसकट हद्दपार करण्याची गरज नाही, पण घाणेरी लावू नये, कारण तिची फळे पक्षी खातात आणि बिया रानात पसरवतात. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जाती घेण्यापूर्वीही विचार करावा. त्यांतील पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने मधमाश्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

झाडे कोणती हे ठरल्यावर ती कशी रचायची हा प्रश्न येतो आणि येथे गोव्यातील कुळागराकडून, म्हणजे तेथील पारंपरिक बागायतीकडून, शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे नारळ आणि सुपारीच्या सावलीत केळी, जायफळ आणि कोकम, खोडावर चढलेली मिरी आणि जमिनीलगत आले-हळद असे थर एकमेकांना धरून राहतात. पठारावर तितके पाणी नाही, परंतु थरांची कल्पना जशीच्या तशी उचलता येते. पश्चिमेला बहावा किंवा शेवगा लावावा, म्हणजे दुपारचे ऊन अडते. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असल्याने तो छपरापासून दूर ठेवावा. त्याखाली मेंदी, अडुळसा आणि कढीपत्ता यांची एकमेकांत मिसळलेली जाळी होऊ द्यावी. सुटी सुटी, गोल कापलेली झुडपे दिसायला नीटस असतात, पण शिंपी पक्ष्याला पाने शिवून घरटे करायला दाट आडोसा लागतो. झाडाची एखादी वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर राहू द्यावी, कारण तांबट पक्षी असेच मऊ झालेले लाकूड कोरून घर करतो. लागवड जून-जुलैमध्ये, पाऊस नीट स्थिरावल्यावर करावी.

पाण्यासाठी मातीचे उथळ परळ सर्वांत चांगले. त्यात दीड-दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नसावे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा आणि मांजराला दबा धरता येणार नाही इतक्या अंतरावर, म्हणजे झुडपापासून पाच-सहा फूट मोकळ्या जागेत ते मांडावे. पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा परळ घासून काढावे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पालापाचोळा जाळू नये, हे सर्वांना ठाऊक असते; तो झाडून कोपऱ्यात गोळा करण्याचीही गरज नाही, हे मात्र पचायला जड जाते. झाडांच्या बुंध्याशी चार बोटे जाडीचा थर तसाच ठेवला तर ओल टिकते, गांडुळे वाढतात आणि बेडूक व सापसुरळी यांना लपायला जागा मिळते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने बाग गबाळी ठरू नये म्हणून पायवाटेची कड तेवढी रेखीव ठेवावी. साप दिसल्यास दूर राहून सर्पमित्रांना किंवा वनविभागाला कळवावे.

फवारणीविषयी माझे मत थोडे कडक आहे. निंबोळी अर्क घरगुती असला तरी अळ्यांना तो सोडत नाही, त्यामुळे सगळ्या बागेवर तो मारणे म्हणजे बोलावलेल्या पाहुण्यांना उपाशी धाडणे होय. मावा दिसला तर आठवडाभर थांबावे, बहुधा मावा खाणारे ढालकिडे येतात. पिठ्या ढेकूण असेल तर तेवढीच फांदी पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. चिमणी एरवी दाणे टिपत असली तरी पिल्लांना किडे आणि अळ्याच भरवते, हे फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी आठवावे. रात्रीचे दिवेही शक्य तितके बंद ठेवावेत. पारिजाताच्या फुलांवर येणारे पतंग प्रखर उजेडाभोवती फिरत राहतात.

आता बसण्याची जागा. बागेच्या आराखड्यात ती शेवटी येते आणि बहुधा राहूनच जाते. १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी अभ्यासून असे दाखवले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्या रुग्णांना, खिडकीसमोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हे रुग्ण बागेत गेलेही नव्हते, त्यांना झाडे केवळ दिसत होती. त्यामुळे आखणी करताना प्रथम घरातील ती खिडकी शोधावी जिच्यापाशी आजारी किंवा वयस्कर माणूस अधिक वेळ बसतो, आणि लिंबू व पाण्याचे परळ तिच्या नजरेच्या टप्प्यात आणावे. बाहेर बसण्यासाठी उचलून न्यावी लागणारी खुर्ची नको, कारण ती नेली जात नाही. दगडी कट्टा बांधावा, पाठीशी भिंत असावी आणि समोर कढीपत्ता. ज्या अळ्या पूर्ण वाढतात त्या कोष करण्यासाठी अनेकदा झाड सोडून जवळच्या भिंतीवर किंवा काडीवर जातात, तेव्हा कट्ट्यावर बसण्यापूर्वी पाठीमागची भिंत एकदा पाहून घ्यावी.