शेजाऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी

शिक्षकांच्या बैठकीत चहाच्या वेळी एकमेकांना उपक्रम सांगितले जातात ते साधारण असे: ‘मी मुलांना झाडाखाली नेलं, चित्रं दिली, मुलांनी खूप मजा केली. तुम्हीही करून बघा.’ ऐकणारी बाई उत्साहाने दुसऱ्या दिवशी मुलांना झाडाखाली नेते. मुलं चिंचा पाडतात, चित्रं रंगवतात, आत येतात. मजा झालीच. मराठीचं एक नवं वाक्य कोणाच्या तोंडून निघालं का, ते कोणी विचारत नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. बहुतेक मुलांच्या घरी कोकणी, काहींच्या घरी कन्नड, एखाद्याच्या घरी हिंदी. वर्ग एकत्र बसतात. म्हणजे कोणाचाही उपक्रम मला आहे तसा उचलता येत नाही, कापून-शिवून घ्यावा लागतो. कुठे कापायचं हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते: या खेळात एका मुलाला असं काय माहीत आहे जे दुसऱ्याला माहीत नाही, आणि ते मिळवायला बोलणं-ऐकणं किंवा लिहिणं-वाचणं सोडून दुसरी वाट आहे का? वाट असेल तर मुलं तीच धरणार. हातात लाल फूल धरून ‘याचा रंग कोणता?’ विचारणाऱ्या बाईला उत्तर माहीत आहे हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. ते उत्तर देतं ते केवळ बाईंचं मन राखायला.

या कसोटीवर सगळ्यांत पक्का उतरलेला खेळ म्हणजे धावतं श्रुतलेखन. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांमध्ये तो जगभर चालतो, मराठीत मात्र अजून फारसा दिसत नाही.

एक छोटा उतारा मोठ्या अक्षरात लिहून वर्गाबाहेर व्हरांड्याच्या भिंतीवर लावायचा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलांच्या जोड्या करायच्या. जोडीतला एक धावणारा, एक लिहिणारा. धावणारा भिंतीपाशी जातो, जमेल तेवढं वाचून डोक्यात घेतो, परत येऊन सांगतो, लिहिणारा लिहितो. धावणाऱ्याने पेन्सिलीला हात लावायचा नाही, भिंतीपासून ओरडून सांगायचं नाही. अक्षर अडलं तर तोंडाने सांगायचं: ‘सला त जोडून’, ‘वर रफार’. उतारा अर्धा झाला की अदलाबदल. ही अदलाबदल सोडू नका, नाहीतर चुणचुणीत मूल सगळा वेळ धावतं आणि ज्याला वाचायचा सराव हवा ते खाली मान घालून लिहीत बसतं.

माझा एक उतारा असा: ‘म्हादई नदी कर्नाटकात उगम पावते. ती सत्तरीतून वाहते. पुढे तिलाच मांडवी म्हणतात. पणजीजवळ ती समुद्राला मिळते.’ चौथीला एवढा पुरे, दुसरीला पहिली दोन वाक्यं. नदी मुलांच्या ओळखीची, त्यामुळे अर्थाशी झगडावं लागत नाही, आणि म्हा, र्ना, त्त, द्र अशी जोडाक्षरं आपसूक येतात. पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. तो मुलांना पाठ असतो, मग भिंतीपर्यंत जायचं कारणच उरत नाही.

खेळ चालू असताना काय बघायचं ते आता सांगते, कारण मला यातच खरा रस आहे. मूल एका फेरीत किती नेतं आणि वाक्य कुठे तोडतं ते बघा. ‘कर्नाटकात उगम पावते’ एवढं एकत्र उचललं तर ते पोचतं. ‘नदी कर्नाटकात उगम’ असं मधेच तोडलं तर वाटेत ‘उगम’ गळतं, पुन्हा पळावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांत मुलं आपोआप अर्थाच्या ठिकाणी तोडायला लागतात. वाक्यातले शब्द कोण कोणाबरोबर बसतात, हे फळ्यावर रेघा मारून शिकवायला मला आठवडा लागतो. दुसरी गोष्ट: काही मुलं भिंतीवर मराठी वाचतात आणि जोडीदाराला कोकणीत सांगतात. ‘म्हणतात’ लिहिलेलं असतं, वहीत ‘म्हण्टात’ येतं. तेव्हा मधे पडू नका. अर्थ पोचला आहे, हे त्याचं प्रमाणपत्रच समजा. शेवटी जोडी आपली वही भिंतीशी नेते आणि वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने स्वतः ताडून बघते. तिथे फरक त्यांना दिसतोच, लाल शाईची गरज पडत नाही.

बारीकसारीक गोष्टी. चार जोड्यांमागे उताऱ्याची एक प्रत तरी हवी, नाहीतर भिंतीशी रेटारेटी होते. पळण्यापेक्षा भरभर चालणं बरं. मी हात पाठीमागे बांधायला लावते. पावसाळ्यात व्हरांडा ओला आणि घसरडा असतो, तेव्हा उतारा वर्गातच मागच्या भिंतीवर लावायचा आणि लिहिणाऱ्यांनी पाठ फिरवून बसायचं. पहिला येणाऱ्याला बक्षीस देऊ नये असं माझं ठाम मत आहे. बक्षीस आलं की मुलं शब्द गाळतात आणि भांडतात.

दुसरा खेळ चतुर्थीच्या आधीच्या दिवसांतला. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं-फुलं टांगून माटोळी बांधतात, तिचं चित्र काढायचं. चौकटीत तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार वस्तू: नारळ, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, आंबाडे, तोरिंग, चिबूड, कवंडळ, भोपळा असं काहीबाही. चित्रकला येत नसली तरी चालतं, माझा चिबूड आणि भोपळा ओळखू येत नाहीत म्हणून मी खाली नाव लिहिते. याची एक झेरॉक्स काढायची. तिच्यावर पाच ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवून वेगळ्या वस्तू काढायच्या आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढायची. झाल्या दोन माटोळ्या, पाच फरकांच्या.

जोडीतल्या एकाला पहिली, दुसऱ्याला दुसरी. दोघं पाठीला पाठ लावून जमिनीवर बसतात. एकमेकांचा कागद न बघता, फक्त विचारून पाच फरक शोधायचे. फळ्यावर मी आधाराला दोनच वाक्यं लिहिते: ‘तुझ्या माटोळीत नारळाच्या उजवीकडे काय आहे?’ आणि ‘माझ्या माटोळीत तिथे भोपळा टांगलाय.’ खरी करामत या दुसऱ्या वाक्यात आहे. नारळ टांगलाय, सुपारी टांगलीय, कवंडळ टांगलंय: लिंगाचा तक्ता पाठ न करता मूल तो बोलून मोकळं होतं. चुकलं तर जोडीदारच दुरुस्त करतो, आणि बाईंपेक्षा त्याचं लवकर ऐकलं जातं.

ज्या मुलांच्या घरी चतुर्थी नसते त्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. या खेळात ती अडत नाहीत, उलट त्यांच्यामुळेच खेळ चढतो. ‘कवंडळ म्हणजे काय?’ असा खराखुरा प्रश्न येतो, आणि जोडीदाराला सांगावंच लागतं: लाल असतं, गोल असतं, लिंबाहून मोठं, खायचं नाही. वर्णन करायला सांगून हे कधी मिळालं नसतं. तरीही सगळं वर्षभर आपल्याच सणाभोवती फिरवू नये. हीच चौकट पालटून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची करते: माणकुराद आंबे, सुक्या मिरच्या, मातीची मडकी, केरसुण्या, चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. किंवा रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीची: पुढे कोण उभं आहे, मोटारसायकल कुठे, टोपलीवाली कुठे.

भांडण होणारच. ‘नाल्ल खंय आसा? तुवें फट मारली!’ (नारळ कुठे आहे? तू खोटं बोललास!) असं ऐकू आलं की मी खुशीत असते. भांडण कोकणीत होऊ द्यावं. मराठीच्या तासाला कोकणी बोलल्याबद्दल दंड लावणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांच्या वर्गात शांतता असते, मराठी नसते. मराठी मागायची ती शेवटी: जोडीने उभं राहून आपले पाच फरक सगळ्या वर्गाला मराठीत सांगायचे. तोवर बोलायला दोघांकडे मुद्देमाल असतो, नुसतं धाडस गोळा करावं लागत नाही.

तिसरा प्रकार मोठा आणि सावकाशीचा आहे, पत्रांचा. सेलेस्तँ फ्रेने नावाच्या फ्रेंच शिक्षकाने 1920 च्या दशकात दक्षिण फ्रान्सच्या एका खेड्यात वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव लिहीत, सगळ्यांनी मिळून ते नीट करत, स्वतः छपाईचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छापत आणि दूर वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या समुद्राकाठच्या शाळेला पाठवत. तिथून उत्तरं येत. डोंगरातल्या मुलांना मासेमारी माहीत नव्हती, किनाऱ्यावरच्यांना डोंगर माहीत नव्हता. शिक्षकाला खोटा प्रश्न तयार करावा लागला नाही.

आपल्याकडे छापयंत्र नको, पाकीट पुरे. सत्तरीतली शाळा आणि समुद्राकाठच्या मोरजी-मांद्र्याकडची शाळा, बस. आमच्या मुलांना काजूची बोंडं मळणं, त्यांचा रस म्हणजे नीरो गाळणं माहीत. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर कशी ओढतात ते माहीत नाही. तिकडच्यांना किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं माहीत. प्रत्येक मुलाने एका नाव असलेल्या मुलाला लिहायचं, ‘प्रिय मित्रांनो’ नको. पत्रात स्वतःची एक गोष्ट आणि दोन प्रश्न, ज्यांचं उत्तर त्या मुलालाच देता येईल. सगळी पत्रं एकाच पाकिटात, म्हणजे कोणाचं हरवत नाही. पत्र तपासताना हात आखडता घ्या: वाचणाऱ्याला कळणार नाही तेवढंच विचारा, ‘हे त्याला समजेल का?’ बाकीचं ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या. पलीकडची शिक्षिका वेळेवर उत्तर पाठवणारी असली पाहिजे, आणि ही सगळ्यांत अवघड अट आहे. महिनाभर उत्तर आलं नाही तर मुलं पुन्हा लिहीत नाहीत.

आता हे दुसऱ्या शिक्षकाला कसं सांगायचं. मजा आली की नाही ते शेवटी सांगा, नाही सांगितलं तरी चालेल. कोणाला काय माहीत नव्हतं, मुलांच्या तोंडून कोणतं वाक्य निघायला हवं होतं, वर्ग कसा होता आणि गाडी कुठे अडते, एवढं पाठीमागच्या कोऱ्या कागदावर मावतं. मी माझ्या मैत्रिणीला दिलेली चिठ्ठी अशी होती:

‘माटोळी. तिसरी-चौथी एकत्र, घरी कोकणी आणि कन्नड. अ आणि ब चित्रांत पाच फरक. वाक्य: माझ्या माटोळीत तिथे अमुक टांगलाय/टांगलीय/टांगलंय. पाठीला पाठ, समोरासमोर बसवलं तर डोकावतात. डावं-उजवं कच्चं असेल तर आधी कागदाच्या कोपऱ्यांवर ड आणि उ लिहून घे. पहिल्या वेळी तीनच फरक ठेव. झेरॉक्स फिकट आली तर तोरिंग आणि नारळ सारखेच दिसतात, म्हणून नावं लिही. तू फेरीबोटीचं चित्र काढलंस तर एक प्रत मला दे.’